एका ताटाचा अळणी स्वयंपाक

मी सर्वांत जास्त कुणाचा ऋणी आहे, असं कुणी विचारलं तर मी कंचनभाभींचं नाव घेईन. त्या माझ्या नात्यातल्या नाहीत. जळगावात पिंप्राळ्याला त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर मी भाड्याने राहतो, एवढाच आमचा संबंध. त्यांच्या सासरचं घराणं राजस्थानातून इकडे येऊन पिढ्या झाल्या. यजमानांचं कापडाचं दुकान होतं, ते गेल्यावर दुकान विकलं आणि मुलगा पुण्याला नोकरीला लागला. गल्लीतली शाळकरी पोरं त्यांना भाभी म्हणतात आणि काठी टेकत जाणारे आजोबाही भाभीच म्हणतात. म्हणून मीही भाभीच म्हणतो, जरी त्या माझ्या आईपेक्षा मोठ्या आहेत.

मला किडनीचा आजार झाला होता. त्यातून मी बरा झालो. हे लिहितोय ते अशासाठी, की ‘मीठ बंद’ हे दोन शब्द ऐकून जो कोणी आज दवाखान्याच्या पायरीवर बसला असेल, त्याला पुढे काय काय होतं ते कुणीतरी साध्या शब्दांत सांगावं. औषधांचं तुमच्या डॉक्टरांना विचारा. मी ताटाबद्दल लिहिणार आहे.

बूट

मी एका डाळ मिलच्या ऑफिसात हिशेबाचं काम करतो. गाव धुळे तालुक्यात. आमच्या घरात कॉलेजात गेलेला पहिला माणूस मी. बी.कॉम. झालो तेव्हा माझ्या वडिलांनी, म्हणजे आबांनी, गावात पेढे वाटले होते आणि पेढे घेणाऱ्या प्रत्येकाला ‘कॉमर्स’ हा शब्द दोनदा ऐकवला होता.

एका सकाळी उठलो तर डोळे उघडेनात. पापण्या फुगलेल्या. काहीतरी चावलं असेल म्हणून पाणी मारलं आणि कामावर गेलो. दुपारपर्यंत डोळे ठीक झाले. मग रोज सकाळी तेच व्हायला लागलं. ऑफिसातला सुकलाल म्हणाला, “लग्नाआधीच गाल आले की तुला. सासुरवाडी ठरली का काय?” मी हसलो. त्या दिवसांत धरणगावकडचे पाहुणे मला बघायला येणार होते, त्यामुळे चिडवणं आवडलंही.

मग एक दिवस बुटात पाय जाईना. मी बूट उलटा करून झटकला, आत काही अडकलं का बघितलं. बूट रिकामा होता. पोटरीवर बोट दाबलं तर खड्डा पडला आणि तो भरेना. त्या खड्ड्याकडे बघत मी कॉटवर किती वेळ बसलो होतो, मला आठवत नाही.

डॉक्टरांनी रिपोर्ट वाचला आणि सांगितलं की शरीरातलं प्रथिन लघवीतून वाहून जातंय. मग म्हणाले, “मीठ बंद.”

मी विचारलं, “किती दिवस?”

“आधी बंद तर करा.”

मी घरी फोन केला नाही. मोठ्या भावाला, नानाला, केला. तो म्हणाला, “आबाले सांगू नको. मी येस.” संध्याकाळच्या आत तो मोटरसायकलवर जळगावात होता. दुसऱ्या दिवशी त्याने मला धुळ्याला नेऊन भरती केलं, कारण तिथून गाव जवळ.

धुळ्याचा वॉर्ड

वॉर्डात सकाळ वजनकाट्यापासून सुरू व्हायची. वजन वाढलं म्हणजे पाणी वाढलं. मग लघवी मोजायची, प्यायचं पाणी मोजायचं. एवढं मोजणं मी ऑफिसातही करत नव्हतो.

बाथरूमकडे जायच्या वाटेवर डायलिसिसची खोली होती. तिचं दार अर्धं उघडं असे. मी तिथून जाताना फरशीकडे बघायचो. माझ्या आजाराला ते लागेलच असं नाही, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. तरी भीती पायांतून यायची. माझी पावलं तिथे आपोआप भराभर पडत.

बाजूच्या कॉटवर साक्रीचे एक तात्या होते. त्यांनाही मीठ बंद. ते उशीच्या खोळीत कैरीचं लोणचं ठेवत. सिस्टरने ते पकडलं तेव्हा तात्या शांतपणे म्हणाले, “माझं नाही. या पोराचं आहे.” सिस्टरने माझ्याकडे बघितलं, तात्यांकडे बघितलं आणि म्हणाली, “तात्या, तेलाचे डाग तुमच्या खोळीला आहेत.” त्या दुपारी माझ्या आणि तात्यांच्या अळणी वरणात तिने अर्ध्या-अर्ध्या लिंबाची फोड पिळली. दवाखान्याच्या जेवणात ती फोड नव्हती. तिने स्वतःच्या डब्यातली दिली होती. अशा गोष्टी आजारी माणूस विसरत नाही.

आबांच्या खिशातली पुडी

सुट्टी मिळाल्यावर गावी गेलो. आईने, आम्ही तिला माय म्हणतो, जाहीर केलं, “बठ्ठं घर अळणी खाई. मन्हा पोऱ्या एकटा कसाले खाई?” आणि खरंच तिने चुलीजवळची मिठाची बरणी फडताळाच्या वरच्या फळीवर ठेवून दिली.

आठवडा गेला. कुणी एक शब्द बोललं नाही. शेवेची भाजी अळणी, ठेचा अळणी. अळणी ठेचा म्हणजे नुसती आग असते. मग एकदा आबा शेतात निघाले असताना त्यांचा सदरा खुंटीवरून मी काढून दिला आणि खिशातून कागदाची पुडी पडली. मीठ होतं. आबांनी ती उचलून पुन्हा खिशात ठेवली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, “बैलले लागस.”

आमच्याकडे बैल नव्हता. विकून बरेच दिवस झाले होते.

मला हसू आलं आणि नंतर रडू आलं. माझ्या एकट्याच्या आजाराने सगळ्यांची जीभ बांधली होती. शिवाय मिलमध्ये जागा किती दिवस राखून ठेवणार? धरणगावचे पाहुणेही ‘सध्या थांबू’ म्हणाले होते. नोकरीही गेली तर मी गावात कोण म्हणून राहणार, हा विचार पाठ सोडेना. मी म्हणालो, मी जळगावला जातो आणि स्वतःचं स्वतः करून खातो.

माय म्हणाली, “तुले चहा बी करता येस नही.”

ते खरं होतं. मुलगा शिकतोय म्हणून मला घरात कधी पेला उचलू दिला नव्हता. जळगावात मी खानावळीवर जगत होतो आणि खानावळीत एका माणसासाठी अळणी कोण करणार?

नाना शेवटी म्हणाला, “जा. पण सूज परत चढली तर मी गाडी घेऊन येईन आणि सामानासकट घेऊन जाईन. मग नोकरीचं नाव काढायचं नाही.” मी कबूल केलं.

पळीतली फोडणी

पहिल्या दिवशी मी मायने दिलेल्या पातेल्यात डाळ शिजवली आणि मोठ्या कढईत फोडणी केली. चमचाभर तेल कढईच्या तळाला नुसतं पसरलं, जिरं काळं झालं, लसूण जळला. धूर जिन्यातून खाली गेला. थोड्या वेळाने भाभी दारात उभ्या.

“काय जाळतोस?”

“वरणाला फोडणी देतोय, भाभी.”

“केवढ्या वरणाला?” त्या उंबऱ्याच्या बाहेरच थांबल्या. जैन घरातल्या, कांदा-लसूण वर्ज्य. “तुझ्या लसणाला माझा नमस्कार, मी इथूनच बघते. हे पातेलं कोणी दिलं?”

“आईनं.”

“कुणाच्या लग्नाचं?”

मी त्यांना सगळं सांगितलं. सूज, मीठ, नानाची अट. त्या ऐकत राहिल्या. सहानुभूतीचं काही बोलल्या नाहीत. म्हणाल्या, “बेटा, घरचा स्वयंपाक पाचाने भागला म्हणून एका माणसाचा होत नाही. त्याची रीतच वेगळी. यजमान गेल्यावर मीसुद्धा सहा महिने शिळं खात होते.”

खाली जाऊन त्या एक लांब दांड्याची लोखंडी पळी घेऊन आल्या आणि उंबऱ्यावरून माझ्याकडे सरकवली. एका माणसाची फोडणी कढईत करायची नाही, पळीत करायची. पळीत तेल खोल राहतं, जिरं तळलं जातं, जळत नाही. मग पळी तशीच वरणात बुडवायची आणि झाकण ठेवायचं. हे साधं वाटेल, पण माझं निम्मं जेवण त्या पळीने सुधारलं.

दुसरी अडचण बाजारात. भरिताचं वांगं आमच्याकडे चार माणसांचं असतं. मी बाजारातल्या अक्कांकडे एकच लहान वांगं मागितलं.

“एक? नैवेद्याले का भाऊ?”

“एकटाच आहे, अक्का.”

“मंग बायको कर.” त्यांनी ढिगाच्या तळातून एक मुठीएवढं शोधून दिलं. पुढे त्या माझ्यासाठी असं एक बाजूला ठेवू लागल्या आणि हाक मारू लागल्या, “ओ एक वांगंवाले.”

पण खरी लढाई जिभेशी होती. ताट समोर असायचं आणि घास उतरायचा नाही. औषधाने भूक मात्र भयंकर लागायची. भुकेला माणूस ताटासमोर बसून रडतो, हे मी स्वतःवरून सांगतोय.

तेव्हा चैत्रातली ओळी आली. ओळी म्हणजे जैन लोकांचं नऊ दिवसांचं व्रत. त्यात दिवसातून एकदाच जेवायचं, तेही तूप-तेल, दूध-दही, साखर, भाजी यांच्याशिवाय. त्याला आयंबिल म्हणतात. काही जण त्यात मीठ घेतात, भाभी घेत नसत. पहिल्याच दिवशी त्यांनी जिन्यातून हाक मारली, “तुझं ताट घेऊन खाली ये.”

रजेवर होतो, गेलो. त्या त्यांच्या स्वयंपाकघरात, मी बाहेर व्हरांड्यात, मध्ये उघडं दार. त्यांच्या ताटात उकडलेले मूग, भात, कोरडा खाकरा. माझ्या ताटात त्याहून बरंच बरं होतं.

“भाभी, कसं खाता हो?”

“जीभ तीन दिवस रडते. मग थकते. थकली की खरं बोलायला लागते.”

“काय बोलते?”

“खा आणि ऐक.”

मुगाला आपली स्वतःची गोडी असते, हे मला त्या व्हरांड्यात कळलं. ज्वारीची भाकरी तव्यावरून थेट विस्तवावर टाकली तर तिचा जळका डाग मिठासारखं काम करतो. शेपू, मेथी यांना मुळातच खूप बोलायचं असतं. लिंबू, आमसूल, भाजलेली हिरवी मिरची, कुटलेलं जिरं यांच्या जोरावर मी माझं एका वांग्याचं भरीत अळणी करायला शिकलो आणि एक दिवस ते चक्क आवडलं. ओळी संपली तेव्हा पायावर बोट दाबल्यावर खड्डा पडत नव्हता. मी कामावर रुजू झालो.

डबा

पावसाळ्याच्या आधी माय भेटायला आली. सोबत पत्र्याचा डबा. आत नागलीचे, म्हणजे नाचणीचे पापड, तांबूस, पातळ, एकावर एक. नागलीने ताकद येते म्हणून खास केलेले. मी डब्याकडे बघून काही बोलायच्या आत तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला, “मीठ नही टाकेल शे. तुनी आण.”

तिने एक वेगळी पिशवी भाभींसाठीही आणली होती. लसूण नाही, हे दोनदा सांगून दिली.

मला वर्षाची दिवाळी झाली. कुरकुरीत काही खाऊन किती महिने झाले होते. जेवताना एक, मग दोन, कामावरून आल्यावर भुकेला तीन-चार. गॅसवर भाजायचे आणि उभ्याउभ्या खायचे.

डोळे पुन्हा सुजले. मग पाय. डॉक्टरांनी वजन बघून पेन खाली ठेवला. “मीठ खाताय?”

“एक कण नाही, डॉक्टर.”

“बाहेरचं?”

“चहासुद्धा नाही.”

ते विचारात पडले. म्हणाले, आठवडाभर बघू, नाही उतरली तर पुन्हा भरती व्हायचं आणि औषध बदलायचं. नव्या औषधाचं नाव त्यांनी सांगितलं, पण मला ती डायलिसिसची खोली आणि तिचं अर्धं उघडं दारच दिसत होतं. नानाला कळवणं भाग होतं. तो एवढंच म्हणाला, “रविवारी येस. सामान बांधी ठेव.”

शनिवारी संध्याकाळी मी भाभींना निरोपाचं सांगायला खाली गेलो. त्या दिवस मावळायच्या आत जेवून घेत होत्या. मायच्या पापडातला एक त्यांनी भाजला होता. सगळं ऐकून त्यांनी घास ताटातच ठेवला. मग काहीतरी बोलायचं म्हणून त्या म्हणाल्या, “तुझ्या आईचा हात मात्र चांगला. मीठ नसताना पापड असा फुलवलाय. खार अगदी बेताचा पडलाय.”

मी म्हणालो, “खार?”

“पापडखार. त्याच्याशिवाय पापड फुलेल का?”

आम्ही एकमेकांकडे बघितलं. मी तिथूनच डॉक्टरांच्या दवाखान्यात फोन लावला. त्यांच्या आहार सांगणाऱ्या मॅडम होत्या. पापडखार म्हटल्यावर त्या म्हणाल्या, “अहो, ज्यासाठी मीठ बंद केलंय, तेच खारात आहे, सोडियम. दिवसाला किती पापड?” मी आकडा सांगितला. त्या हळूच म्हणाल्या, “आम्ही सगळ्यांना मीठ विचारतो. लोणचं विचारतो. खार विचारायला हवा होता.”

रविवार

नाना गाडी घेऊन आला आणि गाडीत मायही होती. मी सामान बांधलं नव्हतं. नाना जिन्यातच तापला, “ठरेल होतं ना आपलं?”

मी पापडाचं सांगितलं. माय म्हणाली, “मी मीठ टाकंच नही.”

“माय, मीठ नही. खार.”

“खार म्हंजे मीठ थोडंच शे?” ती म्हणाली, आणि मग तिलाच माझ्या चेहऱ्यावरून कळलं. ती जिन्याच्या पायरीवर बसली. पदर तोंडाला लावला नाही, रडली नाही. नुसती आपल्या हातांकडे बघत राहिली. त्या हातांनी ते पापड लाटले होते. आजारपणात मला सर्वांत वाईट कधी वाटलं असेल तर त्या वेळी.

भाभी बाहेर आल्या आणि गुडघा दुखत असून मायच्या शेजारी पायरीवर बसल्या. “बाई, मी जन्मभर पापड लाटते. माझ्याच घरात हा रोज पापड खात होता. मला कळलं का? डॉक्टरांना कळलं का?”

माय म्हणाली, “मन्हा हातन्या पापडनी पोऱ्या आजारी पडना.”

“आजारी आधीच होता. पापड प्रेमाने जास्त खाल्ले, एवढंच.” मग नानाकडे वळून, “भाऊ, मला आठ दिवस द्या. सूज उतरली नाही तर मी स्वतः याला गाडीत बसवून देते, आणि वरच्या खोलीला कुलूपही मीच लावते.”

नाना खूप वेळ गाडीच्या चाव्या बोटावर फिरवत उभा राहिला. शेवटी त्याने डबा उचलला, काखेत मारला आणि म्हणाला, “मग हाई मी ली जास. वाया कसाले घालाना?” माय हसली नाही, पण उठून उभी राहिली.

सूज उतरली. आठ दिवसांच्या आतच. प्रथिन जायचं थांबायला पुढे काही महिने लागले, मध्ये एकदा पुन्हा थोडं दिसलं, पुन्हा गेलं. माझं तोंड गोळ्यांनी गोल झालं आणि हळूहळू पुन्हा माझ्यासारखं झालं. औषध बदलायची वेळ आली नाही. नोकरी राहिली.

तुम्हाला सांगायचं ते

तुमच्या घरी जे रूढ आहे, ते डॉक्टरांना माहीत असेलच असं धरू नका. पापडखार, खाण्याचा सोडा, शेवेतला सोडा, उपवासाचं सैंधव, सगळं नाव घेऊन विचारा. वेड्यासारखं वाटलं तरी विचारा.

घरच्यांची जीभ बांधू नका. तुमचं ताट वेगळं असलं म्हणून तुम्ही वेगळे होत नाही. आणि एकट्याचं करताना लहान भांडी घ्या. मोठ्या भांड्यात थोडं अन्न फार केविलवाणं दिसतं आणि करपतंही.

भाभींचा गुडघा फारच धरला म्हणून गेल्या वर्षी मुलगा त्यांना पुण्याला घेऊन गेला. फोनवर त्यांना नीट ऐकू येत नाही. म्हणून मागच्या आठवड्यात मी त्यांना पत्र लिहिलं. ते इथे देतो.

आदरणीय भाभी,

नमस्कार. गुडघा कसा आहे?

बातमी आधी सांगतो. डॉक्टरांनी शेवटची गोळीही बंद केली. रिपोर्ट स्वच्छ आहे. थोडं मीठ घ्या म्हणाले. मी त्याच दिवशी वरणात चिमूटभर टाकलं तर इतकं खारट लागलं की पाणी घालून दोन वेळा पुरवलं. आता निम्म्या चिमटीवर आलोय.

आबांना फोन केला. ते म्हणाले, “बरं झालं.” मग फोन ठेवला. नाना सांगत होता की त्यांनी दुपारी गावात पेढे वाटले. या वेळी काय शब्द ऐकवला ते कळलं नाही.

तुम्ही मागे म्हणाला होतात की तिकडे सगळं चांगलं आहे, पण सूनबाई काही करू देत नाहीत, हात रिकामे राहतात. ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. म्हणून एक काम सांगतो.

माय वैशाखात माझ्याकडे येणार आहे. तिने ठरवलंय की यंदा नागलीचे पापड खार न घालता करायचे. गावी दोनदा करून बघितले, दोन्ही वेळा उन्हात तडकले. आता ती कुणाचं ऐकत नाही. रोज मला फोन करून म्हणते, “भाभीले ईचार.” मी विचारतो असं तिला सांगितलं, पण हे पत्रातून विचारायचं काम नाही. उकड किती घट्ट हवी ते हात लावल्याशिवाय कसं सांगणार?

तुमची खालची खोली मी दर रविवारी झाडतो. गॅसची टाकी भरलेली आहे. पाट-लाटणं तुमचंच वापरू, म्हणजे लसणाचा प्रश्न येत नाही. तुम्ही खुर्चीवर बसून सांगा, लाटेल माय, गच्चीवर पसरायला मी रजा काढतो. मुलाला मी स्वतः फोन करतो, गाडी घेऊन न्यायलाही येतो.

पापड तडकले तर तडकले. तुकडे खाऊ.

तुमचा,
योगेश